वरच्या हवेची चूक

संपादकबाईंचा फोन आला की ताई, तुम्ही टेलिफोन खात्यात होतात ना, तिथल्या गमती लिहून द्या आमच्या दिवाळी अंकाला. मी हो म्हटलं आणि फोन ठेवून हसत बसले. टेलिफोन खात्यात मी एक दिवससुद्धा नोकरी केलेली नाही. पण सिंदी मेघेच्या आमच्या कॉलनीत सगळ्यांना तसंच माहीत आहे, आणि हा गैरसमज मीच इतकी वर्षं खाऊपिऊ घालून वाढवला. सुट्टीवर घरी आले की ज्याची लाइन बिघडली तो माझ्याकडे यायचा. मी गंभीर चेहरा करून ‘बघते, साहेबांच्या कानावर घालते’ म्हणायची. लाइन आपोआप सुरू व्हायची आणि पेढे माझ्याकडे यायचे.

खरं खातं कोणतं, ते आजही लिहिता येत नाही. एवढंच सांगते की ते दूर उत्तरेत होतं, फाटकावर भलत्याच कामाची पाटी होती, आणि आत आम्ही कानाला हेडफोन लावून पलीकडच्या देशाचं वायरलेसवरचं बोलणं ऐकत असू. चोरून ऐकायची सरकारी नोकरी. गल्लीगल्लीत हेच काम लोक हौसेनं करतात, आम्हाला त्यासाठी खुर्ची होती.

मी तिथं पोचले ती ढाब्याच्या वाटेनं. कारंजा घाडगेला हायवेवर माझ्या वडिलांचा ढाबा होता. पंजाब, जम्मू, राजस्थान, कुठले कुठले ट्रक थांबायचे. पोळ्या वाढता वाढता मी त्या ड्रायव्हर लोकांची भाषा शिकले. कोणी शिकवली नाही, कानात जाऊन बसली. एकाची पंजाबी दुसऱ्यासारखी नसते, हे मला तिथं कळलं. माणूस डाळ कशी मागतो यावरून त्याचा आजा फाळणीत कुठून आला ते मी सांगायची आणि ड्रायव्हर खूश होऊन अजून दोन पोळ्या खायचे. पुढे पंजाबी ऐकून लिहिणारे पाहिजेत अशी जाहिरात आली, नागपूरला परीक्षा झाली, मी लागले. वडील गावात सांगत फिरले, “लोकाईच्या पोरी शिकून कमावतात, आमची आयकून कमावते.”

आता काम काय असतं ते सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. सिनेमात दाखवतात तसं गुपित फोडणं वगैरे फार थोडं. पलीकडच्या चौकीवरचा वायरलेसवाला काय बोलतो, हे शंभरातून नव्वद वेळा ‘ऐकू येतंय का? ऐकू येतंय का?’ एवढंच असतं. पण कोण बोलतो, कुठून, कोणाशी, किती वेळा, यावरून चित्र तयार होतं. आवाज ओळखीचे होतात. आम्ही त्यांना नावं ठेवली होती. एक खोकल्या होता. एक घाईवाला. आणि एका डोंगरावरच्या चौकीवर एक मामा होता. दर निरोपाच्या आधी मोठी जांभई द्यायचा. पलीकडच्या मुलखात त्याची बायको त्याला ओळखत असेल त्याहून मी त्याची जांभई जास्त ओळखत होते.

आमच्याकडे ऐकणारे वेगळे, ऐकलेल्याचा अर्थ लावणारे वेगळे, आणि त्या अर्थावर सही करणारे आणखी वेगळे. चूक झाली की ती या तिघांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडते, आणि ती जागा झाडणं कोणाच्याच कामात नसतं.

सही करणारे आमचे राजुरकर साहेब. नागपूरचे. विद्वान माणूस, यात शंका नाही. फक्त विद्वान माणसाला साधी गोष्ट साधी आहे हे पटवणं फार कठीण. एकदा काय झालं, खोकल्या त्याच्या वरच्या चौकीकडे दही मागायला लागला. रोज दही. ‘दही पाठवा, दही का आलं नाही?’ राजुरकर साहेबांनी त्यावर मोठी टिपणी केली की दही म्हणजे नवीन जातीचा दारूगोळा असावा, पांढरा धूर सोडणारा. वर सगळे दह्याला घाबरून बसले. मग काही दिवसांनी खोकल्यानं मित्राला सांगितलं की दही आलं नाही, पोटात आग पडली आहे, संडासातून बाहेर येणं नाही. मी धावत जाऊन साहेबांना सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “विमलताई, हे मुद्दाम आपल्याला ऐकवण्यासाठी बोलतात.” म्हणजे दही मागितलं तर दारूगोळा, आणि पोट बिघडलं तर दिशाभूल. असा माणूस चुकणार कसा सांगा. चुकायला जागाच ठेवली नव्हती त्यांनी.

त्यांच्या हाताखाली अर्थ लावायला विलास मेश्राम होता. आपल्या वर्ध्याचा. इतक्या दूर आपल्या जिल्ह्याचं माणूस भेटलं की सख्ख्या भावासारखं होतं. त्याचे वडील इथंच सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. मुलगा हुशार, कमी बोलणारा, कामाला पक्का. माझ्याशी वऱ्हाडीत बोलायचा. बाकी ऑफिसमध्ये हिंदी-इंग्रजी चालायचं, तिथं हा आणि मी डब्याच्या वेळेला ‘काऊन, कसं काय’ करायचो तेवढाच जीवाला आराम.

त्या वर्षी सीमेवर लढाई पेटली. आमच्याकडे सुट्ट्या बंद, कान चोवीस तास उघडे. आणि त्यातच मामा गप्प झाला. आधी वाटलं, आजारी असेल. मग त्याच्या जागी दुसराही कोणी बोलेना. अख्खी चौकी मुकी.

आता आमची एक रीत ऐका. भिंतीवर मोठा नकाशा होता. ज्या चौकीचा आवाज येतो तिथं टाचणी. बरेच दिवस आवाज आला नाही की टाचणी काढायची. कोणा एका नीटनेटक्या साहेबानं नकाशावर पसारा नको म्हणून हा नियम केला होता, आणि तो कुठे बदली होऊन गेला ते कोणाला माहीत नाही, नियम मात्र आमच्याकडे राहिला. तर मामाची टाचणी निघाली. विलासनंच काढली, ते त्याचं काम होतं. मग वरून विचारणा आली की त्या डोंगरावर कोणी आहे का? विलासनं नकाशा पाहिला. टाचणी नव्हती. त्यानं लिहिलं, चौकी सोडून गेले असावेत. राजुरकर साहेबांनी त्यातलं ‘असावेत’ उचलून ‘गेले आहेत’ केलं आणि सही ठोकली. आपणच ताटातली भाजी उचलायची आणि मग ताटाकडे बघून म्हणायचं, भाजी वाढलीच नव्हती.

खरं काय झालं होतं? आम्ही इतक्या लांबून ऐकायचो ते मोठ्या सेटवरचं बोलणं, दूरच्या माणसाशी बोलायचा सेट. घरी लग्न असलं की आधी आठवडाभर पाहुण्यांचे फोन येत राहतात, निघालो, बडनेऱ्याला आलो, पुलगाव गेलं. आणि पाहुणे दारात उतरले की फोन बंद. म्हणून कोणी म्हणतं का की पाहुणे परत गेले? त्या डोंगरावर माणसं कमी झाली नव्हती, जमा झाली होती. आजूबाजूच्या चौक्यांवरचे सगळे तिथं येऊन बसले होते. जवळजवळ बसलेली माणसं छोट्या सेटवर हळू बोलतात, आणि ते आमच्यापर्यंत पोचत नाही. आज मी हे पोळ्या लाटता लाटता सांगू शकते. त्या दिवशी आमच्या इमारतीत इतकी डोकी होती, एकाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही.

आपली तुकडी डोंगरावर गेली. रिकामी चौकी ताब्यात घ्यायला.

दुपारी मी खुर्चीवर होते. मोठा सेट एकदम उघडला आणि मामाचा आवाज आला. मोजून सांगत होता, किती पडले. त्या दिवशी त्यानं जांभई दिली नाही.

त्या मोजलेल्यांची नावं पुढे पेपरात आली. त्यात एक आपल्या आंजी मोठीचा होता, प्रशांत. घरचे लाडानं पशा म्हणायचे, हे मला नंतर कळलं.

लढाई संपली आणि चौकशी बसली. आता ही चौकशी कशी होती ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. दिल्लीहून एक मोठे रिटायर साहेब अध्यक्ष म्हणून आले. त्यांना उन्हाचा त्रास होता म्हणून कूलरची चौकशी आधी झाली, माणसांची मागून. सगळ्यांना एकेक करून बोलावलं. मलाही. साहेबांनी विचारलं, “उस चौकी से आपने क्या सुना?”

“कुछ नहीं, साहेब.”

“मतलब आप सुन नहीं रही थीं?”

“सुन रही थी साहेब. कुछ नहीं सुना.”

त्यांनी बाजूच्या माणसाकडे पाहिलं, आणि तो बाजूचा माणूस बराच वेळ काहीतरी लिहीत राहिला. ‘कुछ नहीं’ लिहायला इतका वेळ का लागतो, मला आजवर समजलं नाही.

राजुरकर साहेबांचं बोलणं आम्ही बाहेरून ऐकलं, ऐकण्याची सवयच ना. ते म्हणाले, मजकूर खालून आला, मी फक्त भाषा सुधारली. वरच्या ऑफिसचे म्हणाले, आमच्याकडे आलं ते आम्ही वाचलं आणि पुढे दिलं. ज्यांनी तुकडी पाठवली ते म्हणाले, आम्ही विश्वास ठेवला, विश्वास ठेवणं हा गुन्हा आहे का? प्रत्येकाचं बरोबर होतं, बाप्पा. इतकी बरोबर माणसं मी एका जागी कधी पाहिली नाहीत, आणि तरी डोंगरावर पोरं मेली होती.

मग विलासला बोलावलं. तो आत गेला आणि एवढंच म्हणाला, “साहब, गलती मेरी है. मैंने चुप्पी को खाली समझा. लिख लीजिए.”

तिथं खरी पंचाईत झाली. कोणी चूक कबूलच करेल, याची त्या लोकांनी तयारीच केली नव्हती. खालच्याची चूक लिहून घेतली की त्यावर सही कोणाची, हा प्रश्न येतो. मग त्या सहीवर विश्वास कोणी ठेवला, तोही येतो. एक विटकर काढली की भिंत हलते. अध्यक्ष साहेब प्रेमानं म्हणाले, बेटा, भावना में मत बहो, पानी पियो, कल आना. दुसऱ्या दिवशी हा गेला आणि तेच वाक्य परत बोलला. तेव्हा त्याला डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरनं लिहून दिलं की कामाच्या ताणामुळे या माणसाला सगळ्याचा दोष स्वतःवर घ्यावासा वाटतो. कबुलीचा आजार झाला म्हणून सक्तीची रजा. चुकलो म्हणणं हा आमच्या खात्यात रोग धरला जातो, आणि तो पसरू नये म्हणून रोग्याला घरी पाठवतात.

राजुरकर साहेब मला व्हरांड्यात म्हणाले, “समजवा हो तुमच्या माणसाला. स्वतः बुडेल आणि सगळ्या खात्याला घेऊन बुडेल. अशानं पोरं परत येणार आहेत का?”

मी म्हटलं, “नाही येणार साहेब. पण पुढची पोरं?”

साहेबांनी चष्मा पुसायला काढला. म्हणजे बोलणं संपलं.

अहवालात काय निघालं, हे आमच्यापर्यंत गळत गळत आलं. त्या काळात आकाशातला वरच्या हवेचा थर, ज्याच्यावर आपटून वायरलेसच्या लहरी खाली येतात, तो बरोबर नव्हता, म्हणून ऐकू आलं नाही. संपलं. ऐकणारे सुटले, अर्थ लावणारे सुटले, सही करणारे सुटले, पाठवणारे सुटले. ठपका वरच्या हवेवर. तिचं म्हणणं मांडायला कोणी नव्हतं, तिची बदली करता येत नव्हती, वरून तिला युनियनही नाही. टाचणीचा नियम जसा होता तसाच राहिला. राजुरकर साहेबांना बढती मिळाली आणि कोणतं काम दिलं सांगू? नव्या मुलांना जबाबदारीनं अंदाज कसा करावा हे शिकवायचं. हल्ली ते टीव्हीवर येतात. सीमेवर काही खुट्ट झालं की संध्याकाळी साहेब हजर, मागच्या पडद्यावर विमानं उडत असतात, आणि साहेब सांगतात पुढे काय होणार. आमचे हे म्हणतात, चॅनल बदल. मी म्हणते, राहू द्या, माझ्या ओळखीचे आहेत.

विलास रजेवर वर्ध्याला आला. त्याच सुमारास मीही भाचीच्या साखरपुड्याला आले होते. एक दिवस सकाळीच दारात उभा. वाळून गेला होता. बसला, चहा घेतला, आणि म्हणाला, “ताई, आंजीले जायचं हाय. एकट्यानं होत नाई. दोनदा अर्ध्यातून वापस आलो.”

मला लगेच समजलं. मेलेल्या पोरांच्या घरच्यांना भेटायचं नाही, काही बोलायचं नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. बोलला तर नोकरी गेलीच, वरून खटला. तेव्हा त्याची मुलगी लहान, बायको घरी. मी म्हटलं, “विलास, त्याईले सांगून तुले काय भेटन?”

तो म्हणाला, “मले काई नाई भेटनार. पण त्या मानसाले सरकारनं सांगतलं का हवा खराब होती. हवा नव्हती ताई. मी होतो.”

मी पर्स घेतली आणि निघाले.

प्रशांतच्या वडिलांची, शामरावजींची, आंजीत पिठाची चक्की. आम्ही गेलो तेव्हा चक्की सुरू होती, चार बाया डबे घेऊन उभ्या, शामरावजी पट्ट्याजवळ पांढरे होऊन उभे. आयुष्यभर त्या खडखडाटात राहून त्यांचे कान गेलेले. आता बघा, जी गोष्ट आमच्या खात्यानं दिल्लीपर्यंत कुजबुजत नेली आणि कुजबुजत आणून पुरली, ती या माणसाला सांगायची तर ओरडून सांगायला लागणार होती.

विलास जवळ जाऊन म्हणाला, “काका, मी तुमच्या प्रशांतच्या बाबतीत आलो.”

“गहू का ज्वारी?”

“प्रशांतच्या बाबतीत!”

शामरावजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना वाटलं, अजून कोणी सत्कारवाले. हात जोडायला लागले. विलासनं ते जोडलेले हात धरले आणि जोरात बोलला, मला वाटतं जन्मात पहिल्यांदा इतक्या जोरात बोलला असेल, “काका, तिथं वर कोनी नाई, असं मी लिवलं होतं! माही चूक झाली!”

“काय झाली?”

“चूक! माही चूक झाली!”

डबेवाल्या बाया थिजल्या. शामरावजींनी वळून चक्की बंद केली. पट्टा फिरत फिरत हळू होत थांबला. पिठाच्या हातानं त्यांनी तोंड पुसलं आणि विचारलं, “तू होता तिथं? डोंगरावर?”

“नाई. मी हापिसात होतो. खुर्चीवर.”

“आन् पशाले जा म्हनून सांगतलं?”

“जा असं नाई. कोनी नाई असं सांगतलं. होते.”

मला वाटलं, म्हातारा याला मारेल. मी मध्ये व्हायच्या बेतात होते. पण शामरावजी खाली पोत्यावर बसले आणि त्यांनी शिव्या द्यायला सुरुवात केली. काय शिव्या होत्या! मी ढाब्यावर वाढलेली बाई, ड्रायव्हर लोकांच्या सगळ्या मुलखांच्या शिव्या मला पाठ, पण अशा मी ऐकल्या नव्हत्या. बैताडा, मुर्दाडा इथून सुरू करून विलासच्या खुर्चीला, हापिसाला, हापिसाच्या छपराला, ज्यानं याला लिहायला शिकवलं त्या मास्तरला. माझ्या पोराची छाती इतकी होती म्हणून हातानं दाखवत शिव्या. रडत शिव्या. विलास समोर उकिडवा बसून होता, मान खाली न घालता, एकेक ऐकत. गहू तसाच राहिला, एकही बाई डबा उचलून गेली नाही.

मग शामरावजी थकले. एका बाईनं पाणी आणून दिलं ते प्यायले. म्हणाले, “मंत्री येऊन गेले. फौजेचे साहेब येऊन गेले. पेपरवाले येऊन गेले. सगळे माह्या पाया पडून गेले. मले शिव्या द्याच्या होत्या बाप्पा, कोनाले देऊ? हवेले देऊ? हवेले देऊन पायल्या. लागत नाईत.” मग विलासकडे बोट करून म्हणाले, “तू बरा सापडला. अजून लय बाकी हायेत. पुढच्या साली येजो.”

विलास म्हणाला, “येतो.”

आणि गेला. दरवर्षी, त्याच महिन्यात. त्याच्या नोकरीला काही झालं नाही. बायांनी ऐकलं होतं, गावानं ऐकलं होतं, पण खातं कोणाला विचारायला आलंच नाही. विचारलं असतं तर लिहून घ्यावं लागलं असतं. शेवटी विलास रीतसर कागदांवर सही करून रिटायर झाला. मधल्या वर्षांत शिव्या कमी झाल्या का, असं तुम्ही विचाराल. नाही झाल्या. फक्त आता शामरावजी आधी जेवायला घालतात, मग देतात. विलासची बायको म्हणते, आंजीहून आल्यावर यांना चार रात्री चांगली झोप लागते.

यंदा विलासचं हृदयाचं ऑपरेशन झालं. जायचा महिना दवाखान्यात गेला. मी भेटायला गेले होते, तर दारातून शामरावजी आत येताना दिसले. ऐंशीच्या घरातला माणूस, आंजीहून एसटीनं एकटा आला होता. पलंगाजवळ स्टूल ओढून बसले. विलासच्या छातीवरची पट्टी पाहिली. त्यांनी सुरुवात केली, बैताडापासूनच. पहिल्याच शिवीला नर्स धावत आली आणि म्हणाली, आजोबा, पेशंटला त्रास होतो, हळू बोला. शामरावजींनी हळू बोलून पाहिलं. दोन शिव्या दिल्या, तिसरीला थांबले, नापसंतीनं मान हलवली. मग उठून विलासच्या अंगावरची चादर नीट केली आणि म्हणाले,

“इथं बरोबर निंगत नाईत. लवकर बरा हो आन् घरी येजो.”